डाव्या हाताचा ठोका

१४ सप्टेंबर, रविवार

तीन महिने झाले आज. बाबा अजून एक अक्षर बोललेले नाहीत.

१४ जूनला सकाळी मी भाजीला गेले. परत येते तो बाबा खुर्चीखाली, तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. त्यांचा मोबाइल बाजूला पडलेला, पाठ निघून बॅटरी बाहेर. पायांत चपला होत्या. एवढ्या सकाळी कुठे निघाले होते कोण जाणे! डॉक्टर म्हणाले, बोलण्याचा भाग गेला, लिहिण्याचाही त्याच्यासोबतच. तरी मी पाटी दिली. छत्तीस वर्षं पोरांच्या हातात पाट्या दिल्या, शेवटी बापाच्याही दिली. त्यांनी रेघा मारल्या नुसत्या आणि पाटी ढकलून दिली.

आता हे नवीन खूळ. डाव्या हाताने ठकठक. पलंगाच्या कठड्यावर, ताटावर, वाटीवर, माझ्या पाठीवरसुद्धा! आज ओरडले. एक्याऐंशी वर्षांच्या माणसावर मुख्याध्यापिकेचा आवाज काढला. त्यांनी हात आवरला आणि मी मोरीत जाऊन रडले.

१६ सप्टेंबर

अपेक्षा येऊन गेली. व्यायाम करून घेणारी पोर. बडबड फार, पण हात चांगला आहे तिचा. बाबांची ठकठक ती बराच वेळ ऐकत बसली. म्हणाली, "काकू, आजोबा उगाच नाई हात मारून राहिले. मोजून मारतात. तुमी ऐका ना नीट."

ऐकलं. दोन सावकाश, मग थांबा, मग एक. पुन्हा तेच. आणि प्रत्येक वेळी संपलं की माझ्याकडे बघतात. बघतच राहतात. दाद पाहिजे असेल. मी टाळ्या वाजवल्या. अपेक्षानेही वाजवल्या.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

१७ सप्टेंबर

अपेक्षा म्हणते, त्यांना वाजवायला काहीतरी आणा. ढोलकी, डफली, काहीही. हात चालला की जेवण चालेल, कधीकधी बोलणंही येतं म्हणे.

डफली! माझ्या घरात!

तिला काय माहीत. तिच्या बापाचाही जन्म नसेल तेव्हाचा. छप्पन साली माझे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणात डफडं जाळलं. काठ्यांसकट. तोवर गावात कोणी मेलं की पुढे हेच. कोणाचं लग्न, हेच. दवंडी, हेच. बदल्यात शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. बाबा बारा वर्षांचे होते, आजोबांच्या शेजारी उभे राहून वाजवायचे. ते जळताना बाबांनी पाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात डफडं वाजत नाही. हे मी दर वर्षी विहारात सांगते. लोकांना आवडतं.

२१ सप्टेंबर, रविवार

मूर्तिजापूरहून बेबीताईचा फोन. माझी चुलत बहीण. बाबांची चौकशी केली, मग म्हणाली, "जूनमधी आल्या नाई तुमी." तिच्या प्रणालीचं लग्न होतं जूनच्या अखेरीला, त्याचं हे. मी म्हटलं, बाबा असे पडलेले, कशी येणार? आणि खरं सांगू, मला यायचंही नव्हतं. मग म्हणे, "इतकं कठोर नसावं ताई माणसानं."

एका लग्नाला गेले नाही तर एवढं! ठेवून दिला फोन.

बाबांनी आज चार घास खाल्ले. चारच. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण थंडी निघेल की नाही हे त्यांच्या तोंडावर दिसतं.

२४ सप्टेंबर

हरले. डफ आणला. राजकमल चौकातून पुढे गल्लीत वाद्यांचं दुकान आहे, तिथून. निळा, फायबरचा, नट-बोल्टवाला. दुकानदार म्हणाला, हेच चालतं आता, पाण्यात टाका काही होत नाही. पिशवीत घालून, वर कोथिंबीर ठेवून घरी आणला. हसू येतं माझं मलाच.

बाबांनी त्याच्यावर हात फिरवला. एकदा टिचकी मारली आणि ढकलून दिला. पलंगाखाली गेला गडगडत. मी पुन्हा दिला, पुन्हा ढकलला. "मग पाहिजे तरी काय तुम्हाला?" मी जोरात बोलले. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या दंडाचं लोंबणारं कातडं चिमटीत धरलं. धरून मला दाखवलं.

कातडं. खरं कातडं पाहिजे.

२५ सप्टेंबर

झोप नाही. श्रावणच डोक्यात येतो.

अकरा वर्षं या वहीतसुद्धा त्याचं नाव लिहिलं नाही. माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, मी सोळाची. मीच न्हाऊ घातलं, मीच शाळेत बसवलं. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये मीच शब्द टाकून लावला. जिनिंग बंद पडली तर दुसरं काही पाहता आलं असतं! हा डफड्याच्या पार्टीत शिरला. वरातीत, मिरवणुकीत, मयतीत. मला माझ्या शाळेच्या चपराश्याने सांगितलं, मॅडम तुमचे भाऊ दिसले, मस्त वाजवतात. जमिनीत गेले मी.

गेले अकोल्याला तशीच. दारातच उभी राहिले. आजोबांनी जे जाळलं ते तू गळ्यात घातलं, म्हटलं. तो शांत होता. म्हणाला, "ताई, आजोबाले वाजवा लागे, म्हणून त्यायनं जाळलं. मले कोणी वाजव म्हणत नाई. मले येते, म्हणून वाजवतो."

आणि मी ते बोलून गेले. माझ्यासाठी तू मेलास. आणि खरोखर मेलास तरी मला कळवायचं नाही. त्याची बायको दुर्गा दारामागे उभी होती, हातात पाण्याचा गिलास. माझ्यासाठी आणलेला.

त्यानंतर नातेवाइकांनाही बजावलं, त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. कोणी काढलं नाही. बाबा तर त्या दिवसापासून त्याच्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, बाबा माझ्या बाजूने आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार

अंजनगाव सुर्जीला जाऊन आले. कातड्याचं डफडं हाताने करणारा एक माणूस तिथे आहे, असं दुकानदाराने सांगितलं होतं. किसनराव. सत्तरीचे, काटक, एका डोळ्यात फूल पडलेलं. अंगणात डफड्यांची लाकडी गोल कडी टांगलेली, लहानमोठी. वास असा की पदर नाकाला लावला. त्यांनी पाहिलं ते.

मी म्हटलं, एका आजारी माणसासाठी पाहिजे, उपचार म्हणून. नाव-गाव विचारलं, सांगितलं. हसले. म्हणाले, "उपचारच होय बाई तो. लपवता काहून?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुमी सोडलं, चांगलं केलं. आमी धरून बसलो, तं आमी वाईट झालो का?"

मी पदर नाकावरून काढला. किती दिवस लागतील ते विचारलं.

महिना लागेल म्हणतात. कडं शिवणीच्या लाकडाचं, आंब्याचं भेगाळतं. कातडं बकरीचं. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग चिंचोक्याची खळ लावून कड्यावर ओढायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं तर फाटतं. "घाई केली तं ते बोलत नाई," म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे वेळ नाही. तर म्हणे, कातड्याले ते काय माहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विहारात भाषण. आजोबांनी डफडं जाळलं तो प्रसंग सांगितला. शब्दन् शब्द पाठ आहे मला. टाळ्या पडल्या. इकडे मी जाळल्याचं सांगत होते आणि तिकडे अंजनगावात माझ्यासाठी एक चुन्यात भिजत होतं.

११ ऑक्टोबर

बाबा फक्त दूध घेतात आता. ठकठक चालूच. हळू झाली आहे. तरी दर वेळी संपवून माझ्याकडे बघणं आहेच. काय पाहिजे हो तुम्हाला? एक शब्द बोला बाबा. शिवी द्या हवं तर.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. शेजाऱ्यांनी फराळ दिला. बाबांच्या जिभेवर चिवड्यातला एक पोहा ठेवला. थुंकला.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

किसनराव स्वतः आले. एसटीने, डफडं जुन्या लुगड्यात गुंडाळून, काखेत तुराट्यांची पेंढी. एवढ्या लांबून काड्या घेऊन आलात, म्हटलं. तर म्हणाले, तुमच्या इथं गॅस आहे बाई, गॅसवर कोणी शेकते का? मी पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या. मागच्या अंगणात त्यांनी जाळ केला. डफडं जाळावर धरून फिरवत राहिले, मधूनच बोटाने टिचकी. आधी आवाज भद्द होता. मग चढत गेला. शेवटची टिचकी अशी वाजली की आत पलंगावरून बाबांनी हुंकार दिला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला!

बाबांना उशा लावून बसवलं. डफडं मांडीवर. त्यांनी आधी ते हुंगलं. गाल टेकवला त्याला. मग किसनरावांनी डाव्या हातात बारीक काडी दिली आणि बाबांनी सुरू केलं. तेच. दोन सावकाश, थांबा, एक. कातड्यावर ते वेगळंच लागलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते.

किसनराव म्हणाले, "थांबा. हा तं नुसता डावा हात आहे. अर्धंच वाजून राहिलं." मला काही कळेना. त्यांनी समजावलं की डफड्याला दोन्ही हात लागतात, डाव्यात बारीक काडी, उजव्यात जाड टिपरी. खरा बोल उजवा हात काढतो, डावा त्याला नुसता धरून ठेवतो. बाबांचा उजवा गेला, म्हणून कोणालाच ओळखू येत नाही. "आता मी उजवा होतो त्यायचा," म्हणाले. पलंगावर बाबांना खेटून बसले, टिपरी घेतली. एक डफडं, दोन म्हातारे.

तीन-चार वेळा त्यांची चुकामूक झाली. मग बसलं. एकदम बसलं! दोघांचे हात एकाच माणसाचे असावेत तसे. सात-आठ आवर्तनं झाली असतील. बाबांच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आनंदाचं.

आणि किसनरावांचा हात थांबला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, हे मयताचं होय. तिरडीच्या पुढं चालतात, त्याचं. घरात कोण गेलं?"

"कोणी नाही," म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

किसनराव चहाही न घेता गेले.

२७ ऑक्टोबर

मयताचं. म्हणजे स्वतःचं वाजवत होते! सहा आठवडे माझा बाप मला सांगतो आहे की मी चाललो. आणि मी शिकवलेल्या कवितेला देतात तशा टाळ्या देते. धन्य आहे माझी.

पण मग माझ्याकडे बघून काय मागतात? विचार करकरून डोकं दुखलं. एकच सुचतं. आमच्या घरात हे वाजवू शकणारा दुसरा माणूस एकच आहे. बाबांना श्रावण पाहिजे. आपल्या पुढे त्याने चालावं, हे पाहिजे असेल.

विहारातले लोक काय म्हणतील? म्हणोत.

२८ ऑक्टोबर

श्रावणचा नंबर मी केव्हाच पुसून टाकलेला. बाबांचा मोबाइल कपाटातून काढला, बॅटरी बसवली, चार्जिंगला लावला. उघडला. आत पाचच नावं. मी, दूधवाला, गॅस, बेबीताई, आणि "डोळ्याचे डॉक्टर".

डोळ्याचे डॉक्टर! दर दोन महिन्यांनी बाबा डोळे दाखवायला अकोल्याला जायचे. मी चिडायचे, अमरावतीत काय डोळ्यांचे डॉक्टर मेले आहेत का? ते म्हणायचे, त्याचा हात चांगला आहे. नंबर पाहिला. शेवटी सात-सात-शून्य-सात. हा नंबर मीच घेऊन दिला होता श्रावणला, जिनिंगमध्ये लागला तेव्हा. 

अकरा वर्षं बाबा माझ्या नाकाखालून लेकाचं वाजवणं ऐकायला जात होते. आणि मला वाटायचं, माझ्या बाजूने आहेत.

लावला. बंद आहे म्हणते बाई. 

२८ ऑक्टोबर, पुन्हा

आत्ता दिसलं. त्या मोबाइलवर शेवटचा आलेला फोन "डोळ्याचे डॉक्टर"चा आहे. १४ जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मी भाजीला गेले होते तेव्हा!

म्हणजे श्रावणचा फोन आला आणि बाबा पडले. काय बोलला हा म्हाताऱ्याला? पैसे मागितले? भांडला? माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढला? अंगाची आग झाली माझ्या. आणि त्यानंतर एकदा तरी विचारायला यावं की नाही! साडेचार महिने! बापाचा हात गेला, वाचा गेली, याला पत्ता नाही. जित्याची खोड.

३० ऑक्टोबर

राग ओसरला थोडा. बाबांनी आज काडी उचलली आणि खाली ठेवली, तेवढंही होईना. माझा राग घेऊन कुठे जाऊ? मरणाऱ्या माणसाला लेक पाहिजे, मी आणून देईन. बस्स.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या अकोला. अपेक्षा दिवसभर बाबांजवळ बसेल. आपण होऊन म्हणाली पोर.

शेंदूरजनाघाटची संत्री आली आहेत बाजारात, पहिलीच. श्रावण लहानपणी सालीचा रस माझ्या डोळ्यांत उडवायचा, मी मारायला धावायचे. दोन डझन घेतली. दुर्गाला एक साडी. पाण्याचा गिलास तसाच राहिला होता तिच्या हातात.

काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे, नाहीतर माझं तोंड म्हणजे काही सांगता येत नाही. आधी म्हणायचं, बाबा बोलावतात. १४ जूनचं विचारायचं नाही. त्याने विषय काढला तर म्हणायचं, जाऊ दे, झालं ते झालं, मी तुला माफ केलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. "माफ केलं" म्हणताना मान ताठ होते माझी. त्यापेक्षा "चल घरी" एवढंच बरं.

बाबांच्या कानात सांगितलं, उद्या श्रावणला आणते. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला! सोडेचनात. डोकं हलवत राहिले, नाही नाही म्हणून. मी म्हटलं, आता मी भांडत नाही बाबा, खरंच.

२ नोव्हेंबर, रविवार

श्रावण १४ जूनला गेला. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही नाही.

दुर्गाने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, येतो. चार वाजेपर्यंत लोक तिरडी धरून थांबले. बेबीताईही होती.

मला का कळवलं नाही, विचारलं. दुर्गा म्हणाली, "तुमीच सांगून गेल्या होत्या ताई. मेला तरी कळवायचं नाई." आणि आत जाऊन पाणी आणलं.

घरी आले. बाबा जागे होते. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं, की मला समजलं. मागच्या अंगणात उरलेल्या तुराट्या पेटवून मी डफडं शेकलं. दार उघडंच ठेवलं. बाबांच्या हातात काडी दिली, शेजारी बसले आणि टिपरी घेतली. मला वाजवता येत नाही.